फाट्यावरचा फ्लेक्स

आमच्या घरात अभ्यासाला जागा नव्हती असं मी लिहिलं तर आईला राग येईल, आणि तो रास्त असेल. जागा पुष्कळ होती. ओसरी होती, मधली खोली होती, वर पत्र्याची खोली होती. फक्त त्यातली कुठलीच कधी रिकामी नसे. ओसरीवर माझा धाकटा भाऊ सोमा आणि त्याची मित्रमंडळी बसलेली असायची, मधल्या खोलीत सोयाबीनच्या गोण्या असायच्या, आणि वरच्या खोलीत दुपारी बसलं की पत्र्यानं डोकं तापायचं. शेवटी आईच्या शिलाई मशीनवर मी एक फळी टाकली, तिच्यावर कॉलेजातून भंगारात निघालेला संगणक आणून ठेवला आणि तिथं माझं संशोधन सुरू झालं. खिडकीच्या पलीकडे गोठा होता. संध्याकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, चारा बारीक करायला कडबाकुट्टीचं मशीन सुरू करायचे. ते घरघरलं की घरातला दिवा मंद व्हायचा, आणि दिवा मंद झाला की माझा संगणक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी आतून ओरडायचे, "आण्णा, दोन मिनिटं थांबा ना!" आण्णा बिचारे मशीन थांबवायचे. मग गाई हंबरायला लागायच्या आणि आई चुलीपुढून म्हणायची, "जनावरांनी तुझी वाट बघत बसायचं व्हय?"

मी तेव्हा एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागात शिकवत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गेले ती तिथंच शिकवायला राहिले, याचं घरच्यांना कौतुक होतं. पण मी तिथं नेमकं काय करते हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. गावाच्या दृष्टीनं मी 'कंप्युटरवाली' होते, म्हणजे ज्याला वायर आहे किंवा ज्याचा दिवा लुकलुकतो ते सगळं माझ्याकडे आणायचं. टीव्हीचे रिमोट यायचे, डेअरीतला काटा दुधाचं वजन चुकीचं दाखवतो म्हणून बोलावणं यायचं. एकदा एका काकूंनी मिक्सर आणून ठेवला. मी म्हटलं, "काकू, हे माझ्या विषयातलं नाही." त्या म्हणाल्या, "मंग इतकी वर्सं काय शिकलीस?" मी मिक्सर उलटा करून बघायला घेतला. खरं सांगायचं तर आजही तेच चालतं. मी आता विभागप्रमुख आहे, डोक्याचे बरेच केस पांढरे झालेत, आणि परवाच एका साखरपुड्यात नवरदेवाच्या मामांनी माझ्या हातात मोबाईल देऊन विचारलं की याचा आवाज का येत नाही. मी निमूटपणे आवाज सुरू करून दिला.

कॉलेजातली नोकरी कच्ची होती. दर उन्हाळ्यात ती संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा सुरू व्हायची, आणि मधल्या दिवसांत आम्हाला गावोगाव फिरून बारावीच्या मुलांना आमच्याकडे प्रवेश घ्या म्हणून गळ घालावी लागायची. प्राचार्यांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं की पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं तर पुढच्या वर्षी तुमचा विचार करू, नाही तर अवघड आहे. ते वाईट बोलले नाहीत. सगळ्यांना तेच सांगत होते. मी प्रवेश परीक्षा दिली, पास झाले, आणि पुण्याच्या भागवत मॅडमनी मला आपल्या हाताखाली घ्यायचं मान्य केलं. पण 'तात्पुरतं' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला होता. पुढच्या महिन्यात समितीपुढे विषय मांडायचा, समितीनं मान्य केला तरच रजिस्ट्रेशन, आणि तिथून पुढं काही वर्षांचं काम. तोपर्यंत मी विद्यार्थिनीसुद्धा नव्हते.

भागवत मॅडम कडक होत्या. त्यांच्याबद्दल विभागात एक गोष्ट सांगत. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं प्रबंध अजून लिहायचा असताना स्वतःच्या लग्नपत्रिकेवर नावाआधी 'डॉ.' छापलं. मॅडम लग्नाला गेल्या, जेवल्या, आहेर दिला, आणि सोमवारी त्याला म्हणाल्या, "तू दुसरा गाईड बघ." ही गोष्ट खरी की रचलेली, मला माहीत नव्हतं. मी एकदा भीतभीत त्यांना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "जेवण चांगलं होतं."

माझा विषय होता बोललेली मराठी संगणकाला ओळखता यावी हा, आणि तीही आमच्याकडची. पुण्याच्या लोकांनी बोललेलं थोडंफार ओळखणारं काहीतरी तेव्हा होतं, पण आमच्या आण्णांनी 'न्हाई' म्हटलं की त्याला ते खोकल्यासारखं काहीतरी वाटायचं. म्हणून मी घरातल्यांचे आवाज गोळा करत होते. आईला संगणकापुढे बसवून कानाला हेडफोन लावून मी म्हणायचे, "आई, एक ते शंभर म्हण." ती म्हणायची, "या वयात मला शाळंत घालतीस का?" आणि मग वीसपर्यंत जाऊन उठायची, कारण तव्यावर भाकरी असायची किंवा शेंगोळ्यांचं आधण आलेलं असायचं. हुलग्याची शेंगोळी ती फार छान करायची, लसणाचा वास गोठ्यापर्यंत जायचा. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये अठरा, एकोणीस, वीस आणि पाठोपाठ "जळालं वाटतं, सर बाजूला" असं पुष्कळदा होतं. आणि सगळ्याच्या मागं कडबाकुट्टी.

तर त्या पावसाळ्यानंतर परीक्षेचा निकाल लागला तेव्हा मी घरी जेवताना सांगितलं की पीएचडीला माझा नंबर लागलाय. मी एवढंच म्हणाले. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, एवढंच म्हणाले. आण्णांनी मान हलवली, आई म्हणाली, "म्हंजी अजून शिकायचं? मंग लगीन कवा?" आणि सोमा हात धुवायला उठला तो परत पानावर आलाच नाही. त्याचं पान तसंच राहिलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आमचं गाव शिंगणापूरहून राहुरीकडे येणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. रस्त्यावर आमचा फाटा, तिथं चहाची टपरी, पंक्चरचं दुकान आणि बोर्ड लावायचे दोन लोखंडी खांब. दोन दिवसांनी संध्याकाळी मी एसटीतून परत येत होते. फाटा आला, कंडक्टरनं घंटी मारली आणि बाहेर बघून माझ्याकडे बघितलं. "म्याडम, ह्या तुमीच का?" मी खिडकीतून पाहिलं. दोन खांबांच्या मधोमध मी होते. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून, मागं गुलाबाची फुलं टाकून मला तिथं उभं केलं होतं. माझ्या डोक्यावर ओळीनं पुढाऱ्यांचे फोटो होते, आणि त्यात सगळ्यांत मोठा, माझ्याहूनही मोठा, दादासाहेबांचा. दादासाहेब म्हणजे आमच्याकडच्या साखर कारखान्याचे संचालक. खाली सोमाचे मित्र, प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल आणि कानाला मोबाईल. आणि मध्ये लाल अक्षरांत: 'आमच्या गावची सुकन्या डॉ. वैशालीताई यांनी डॉक्टरेट ही सर्वोच्च पदवी मिळविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

एसटीतले सगळे माझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्यानं मला नमस्कार केला. मी मान खाली घालून उतरले.

सोमा ओसरीवर होता. तो आनंदानं उठून उभा राहिला. "बघितला का, ताई?"

"काढ तो. आत्ताच्या आत्ता."

"का? फोटू नीट न्हाई आला?"

"सोमा, मला पदवी मिळालेली नाही. मी फक्त परीक्षा पास झालेय. अजून विषयसुद्धा मान्य झालेला नाही."

"मिळनार हाय ना पन?"

"मिळाली तर कितीतरी वर्षांनी मिळेल."

"मंग मिळनारच हाय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "आत्ता लावला काय अन् मागून लावला काय. उलट आता कारखान्याची निवडनूक हाय, आता बोर्ड चांगला दिसतो."

मी पुष्कळ बोलले. रडलेसुद्धा, मला वाटतं. तेव्हा सोमानं मला जी गोष्ट सांगितली ती मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. ज्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो आहे तो कुणी उतरवत नाही. तो उतरवणं म्हणजे त्या माणसाला उतरवणं. फ्लेक्सवर फक्त दुसरा फ्लेक्स चढतो, आणि तोही त्याच पुढाऱ्याचा किंवा त्याहून मोठ्याचा. "दादासायबांचा वाढदिवस आला की आपोआप झाकला जाईल," सोमा म्हणाला. मी विचारलं वाढदिवस कधी आहे. तो होळीनंतर होता. तेव्हा दिवाळीसुद्धा झाली नव्हती.

आण्णांना मध्ये घालायचा प्रयत्न केला. आण्णा गव्हाणीत चारा टाकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते कधीच कुणावर ओरडत नसत, पण निर्णयही देत नसत. "तुजं खरं हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "पन आपला ऊस तोडीला आलाय गं." म्हणजे दादासाहेबांचा फोटो आपण उतरवला आणि कुणी जाऊन सांगितलं, तर तोडणीची टोळी आमच्या शेतावर कधी येईल याचा भरवसा नाही. ऊस उभाच्या उभा वाळायचा. मला त्यांचं म्हणणं कळत होतं. हाच तर त्रास होता, की सगळ्यांचं म्हणणं मला कळत होतं आणि माझं कुणालाच कळत नव्हतं.

मी ठरवलं की बोर्ड राहू दे. पुण्यातलं कोण आमच्या फाट्यावर येतंय? आणि त्याच आठवड्यात बुधवारी मॅडमचा फोन आला. सासूबाईंना शिंगणापूर आणि शिर्डी करायचंय, शनिवारी निघतोय, शिंगणापूरहून राहुरीमार्गे शिर्डीला जाताना तुझं गाव लागतं ना, तर तुझ्या घरी चहा घेऊ आणि ज्यांचे आवाज तू गोळा करतेस ती माणसंही बघू. मी "हो मॅडम, या ना मॅडम" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मला ती लग्नपत्रिका दिसायला लागली. माझ्या नावाची लग्नपत्रिका दोन खांबांना ताणून बांधलेली होती, आणि रस्ता नेमका तिच्याखालून जात होता.

गुरुवारी कॉलेजातून सुट्टी टाकून मी थेट दादासाहेबांच्या बंगल्यावर गेले. एवढं धाडस मी त्याआधी कधी केलं नव्हतं. बाहेर माणसं बसली होती, मी नाव सांगितल्यावर मला लगेच आत घेतलं. दादासाहेब उठून उभे राहिले. "या, डॉक्टर!"

"दादासाहेब, तेच सांगायला आलेय. मी डॉक्टर झालेले नाही."

त्यांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. "बघा. याला म्हणतात संस्कार."

"नाही, खरंच झाले नाही. तो बोर्ड चुकीचा आहे. तुमच्या परवानगीशिवाय कुणी काढत नाही, म्हणून तुमची परवानगी..."

"अहो ताई, आपल्या तालुक्यात लोक काही न करता बोर्ड लावतात. तुम्ही एवढं करून लावू नका म्हणता!" आणि ते हसले, त्यांच्याबरोबर खोलीतले सगळे हसले. मी पुन्हा सांगायला गेले. परीक्षा, विषय, समिती, रजिस्ट्रेशन, सगळं क्रमानं सांगितलं, वर्गात सांगते तसं. ते मनापासून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "पुण्याहून तुमच्या गुरू येणार आहेत म्हणता? शनिवारी?" मी घाईत तेही बोलून गेले होते. "मग असं कसं? त्या आपल्या पाहुण्या. मी स्वतः येतो सत्काराला." मी नको नको म्हणत असताना कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला आणि खांद्यावर शाल टाकली, आणि मी ती शाल पांघरून, नारळ धरून, एसटीची वाट बघत उभी राहिले. विचारायला गेले होते एक बोर्ड उतरवायला, आणि येताना एक कार्यक्रम घेऊन आले.

शनिवारी उजाडता उजाडता मी आईचा विळा घेतला आणि फाट्यावर गेले. टपरी अजून उघडायची होती. टपरीबाहेरचं बाकडं ओढत नेऊन खांबापाशी लावलं आणि वर चढले. मी घाबरले होते, पण डोकं साफ चाललं होतं. दादासाहेबांना हात लावायचा नाही. कुठल्याही पुढाऱ्याला, कुठल्याही गॉगलला हात लावायचा नाही. मी फक्त 'डॉ.' एवढंच कापलं. मग बाकडं सरकवून 'डॉक्टरेट ही सर्वोच्च पदवी मिळविल्याबद्दल' कापलं. ते कापड फार चिवट असतं, विळ्यानं करकर करत जातं. खाली उतरून पाहिलं तर बोर्डाला दोन खिडक्या पडल्या होत्या आणि त्यांतून मागचा ऊस दिसत होता. 'आमच्या गावची सुकन्या वैशालीताई यांनी हार्दिक अभिनंदन.' मी काय केलं म्हणून अभिनंदन, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. पण निदान ते खोटं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की कापलेल्या पट्ट्या टपरीच्या कचऱ्यात टाकून मी जवळजवळ पळतच घरी आले.

आम्ही न्याहारी करत होतो तेव्हा सोमाचा मित्र गोरख मोटारसायकलवरून आला. त्यानं गाडीसुद्धा बंद केली नाही. "सोम्या, बोर्ड फाडला रं! इरोधी पार्टीनं फाडला!"

सोमा ताडकन उठला. "कोनी बघितलं?"

"बघायचं काय त्यात? नेमकं डॉक्टर तेवढं फाडलंय. लई जळत्यात."

"चल, आधी पोलीस स्टेशनला."

आण्णांचा घास हातातच राहिला होता. मी म्हणाले, "कुठं जाऊ नका. मी फाडला."

गोरखनं गाडी बंद केली. आण्णांनी विचारलं, "दादासायबांचा फोटू तर न्हाई ना फाडला?"

"नाही आण्णा."

"मंग ठीक हाय," म्हणून आण्णा पुन्हा जेवायला लागले.

सोमा माझ्याकडे बघत होता. "तू फाडलास? सोताचाच?"

"मी डॉक्टर नाही, सोमा. किती वेळा सांगू?"

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, शेवटी एकदाचं समजलं. तेवढ्यात गोरख हळू आवाजात, अगदी भरून आल्यासारखा म्हणाला, "ताई, तुमी लई साध्या हायेत. दुसऱ्या कुनी असं केलं नसतं." आणि ते दोघं फाट्यावर गेले, आणि मॅडमची गाडी यायच्या आत वैशालीताईंनी विनयापोटी स्वतःची पदवी स्वतःच्या हातानं उतरवली ही बातमी सगळ्या गावात झाली होती.

मॅडम अकराला आल्या. गाडीतून उतरताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फाट्यावरच्या बोर्डाला भोकं कसली आहेत?" मी सगळं सांगितलं. भावानं लावला, उतरवता येत नाही, का येत नाही, म्हणून सकाळी मी काय केलं, सगळं एका दमात. मॅडमचा चेहरा हलला नाही. त्यांच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "बाई गं, विळ्यानं?" मॅडम म्हणाल्या, "चहा घेऊ आणि निघू. नंतर बोलते तुझ्याशी." पण चहा घेऊन निघणं शक्य नव्हतं. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या, हलगीवाले बसले होते, आणि आईनं पुरणपोळ्या, आमटी, कुरडया, भजी असा सगळा घाट घातला होता.

दादासाहेब यायला एक वाजला. तोपर्यंत मॅडम आणि सासूबाई डोक्याला फेटे बांधून स्टेजवर बसून होत्या. मॅडम दर थोड्या वेळानं घड्याळ बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. दादासाहेब आले, नारळ फुटला, आणि ते माईकवर म्हणाले, "आपल्या डॉक्टर वैशालीताई..." तेव्हा मला राहवलं नाही. मी उठले. त्यांच्यापुढून माईक घेतला असं म्हणवत नाही, पण माझ्या हातात माईक होता खरा. मी म्हणाले, "मी डॉक्टर नाही. मी फक्त प्रवेश परीक्षा पास झालेय. पुढच्या महिन्यात माझा विषय मांडायचाय, तो समिती नाकारूही शकते. कृपा करून मला डॉक्टर म्हणू नका." मग मागून कुणीतरी ओरडलं, "वा ताई, वा!" आणि टाळ्या सुरू झाल्या. बराच वेळ चालल्या. हलगीवाल्यांनी पण वाजवून घेतलं.

मग सोमानं मॅडमना दोन शब्द बोलायची विनंती केली. मॅडम उठल्या, फेटा सावरला आणि वर्गात बोलतात तशा तुटक बोलल्या. "ही जे सांगते ते खरं आहे. ही डॉक्टर नाही. हिनं प्रबंधाचं एक पानसुद्धा लिहिलेलं नाही. हिचा विषय अवघड आहे, आणि तो हिला झेपेल की नाही हे मला अजून माहीत नाही." त्या खाली बसल्या. पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "गुरू असावा तर असा!" आणि पुन्हा टाळ्या.

मी मॅडमकडे पाहिलं. ज्यांच्या एका 'नाही'वर पुण्यात माणसांचं आयुष्य बदलत होतं, त्या फेटा घालून, मांडीवर नारळ ठेवून, समोर टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे बघत होत्या. इतक्या हतबल त्या मला पुढं कधीच दिसल्या नाहीत.

जेवणं झाली. सासूबाईंनी आईकडून आमटीचा मसाला बांधून घेतला. मॅडमनी जाण्यापूर्वी शिलाई मशीनवरचा संगणक बघितला, हेडफोन लावून आईचे आकडे ऐकले, आणि "हा मागचा आवाज कसला?" असं विचारलं. मी कडबाकुट्टी दाखवली. गाडीपाशी आल्यावर त्या थांबल्या.

"तुझ्या गावात कुणी कुणाचं ऐकत नाही का गं?"

"नाही मॅडम."

"मग यांचं बोलणं यंत्राला शिकवणार कशी?" त्यांनी दार उघडलं. "सोमवारी ये. दहाला. उशीर नको." मी वाट बघत राहिले, दुसरा गाईड बघ असं त्या म्हणतील म्हणून. त्या म्हणाल्या नाहीत. गाडी गेली तेव्हा मागच्या काचेत सासूबाईंचा फेटा अजून दिसत होता, त्यांनी तो काढला नव्हता.

समितीनं माझा विषय पहिल्यांदा नाकारला. दुसऱ्यांदा मान्य केला, त्यात बदल सांगून. प्राचार्यांनी नोकरी ठेवली. मग जे काम सुरू झालं ते मी इथं लिहीत नाही. फार सांगण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं वाट बघणं होतं. त्या सगळ्या वर्षांत गाव मला डॉक्टरच म्हणत राहिलं. मी सुरुवातीला दुरुस्त करायचे, मग दमले. लग्न ठरलं तेव्हा पाहुण्यांनाही तसंच सांगितलं गेलं, आणि लग्नानंतर नवऱ्याला समजावून सांगायला माझा पहिला आठवडा गेला. काम अडकायचं, प्रयोग फसायचा, मॅडम प्रकरण परत पाठवायच्या, आणि मी गावी गेले की टपरीवाला विचारायचा, "काय डॉक्टर, बरं हाय ना?" सोडून द्यावंसं वाटलं तरी सोडणार कुणापुढं? ज्या गोष्टीची तेव्हा नुसती सुरुवात झाली होती हे कुणी मानलंच नव्हतं ती मी अर्ध्यात टाकली हे तरी कोण मानणार होतं?

शेवटी ती पदवी मिळाली. तोंडी परीक्षा संपली, मॅडमनी हात मिळवला आणि पहिल्यांदा मला डॉक्टर म्हणाल्या. मी बाहेरच्या जिन्यात येऊन घरी फोन लावला. सोमानं उचलला.

"सोमा, मला पीएचडी मिळाली."

"म्हंजी?"

"म्हणजे आज मी डॉक्टर झाले."

"ताई, ते मागंच झालं हुतं ना? बोर्ड लावल्ता की आपन."

"तेव्हा झालं नव्हतं. मी सांगत होते ना तेव्हा. आठव."

"हां. सांगत हुतीस खरं. मंग हे आता झालं ते काय?"

"तेच. आता झालं."

"बरं बरं," सोमा म्हणाला, आणि मग फोन बाजूला धरून त्यानं आत हाक मारली, ती मला जिन्यात स्पष्ट ऐकू आली:

"आई, ताई पुन्हा डॉक्टर झाली!"